लाल टँकर, आसने दोन

साहेब, आमच्या गावाचं पाणी तुम्ही प्यालात, असा आरोप नाही. तुमची गाडी प्याली. तुम्ही फक्त आत बसला होतात.

जे वाहन सरकारी रजिस्टरात एकदा टँकर म्हणून चढलं, ते पुढे काहीही झालं तरी टँकरच राहतं. राज्यकारभार याच पायावर उभा आहे. हे पटलं, की सदर इटालियन मोटारीचे मालक ओळीने समजून घ्यायला जड जात नाही.

पहिले मालक हैदराबादकडचे एक जागीरदार. गाडी बोटीने मागवलेली, लालभडक, नाकाड लांब, दारं दोन, बसायला दोघं. लांबच्या प्रवासाला सुसाट आणि आरामात जाता यावं म्हणून इटलीत अशा मोटारी बनवतात म्हणे. जागीरदारांनी ती वाड्याच्या देवडीपासून शिकारीच्या बंगल्यापर्यंत वापरली (अंतर अडीच मैल). आधी जागीर गेली, मग शिकार गेली, शेवटी जागीरदार गेले.

दुसरे मालक लातूरचे आडते वीरण्णा. घरात माणसं अकरा, गाडीत जागा दोन. म्हणून वीरण्णांनी बॉनेटवर भस्माचे तीन पट्टे ओढून ती दुकानापुढे उभी केली. सिद्धेश्वराच्या जत्रेला त्यांच्या पत्नी उमादेवी एकदाच तिच्यातून गेल्या. उतरताना म्हणाल्या, "भुईला पाठ घासतच जायचं, तर लोटांगण काय वाईट हाय?"

तिसरा मालक सरकार. बहात्तरच्या दुष्काळात हुकूम निघाला, की पाणी वाहणारी खाजगी वाहनं ताब्यात घ्यावीत. कारकून छापील अर्ज घेऊन दुकानात आला. रकाना चौथा: 'वाहनात पाणी मावते काय?' वीरण्णा देवभोळे, खोटं बोलायची पंचाईत. म्हणाले, "रेडिएटरात मावतं की. बारा लिटर." कारकुनाने लिहिलं: होय, बारा लिटर. रकाना पाचवा: 'पाणी गळते काय?' नाही. (हे उत्तर देता आलेला तालुक्यातला हा एकमेव टँकर.) गाडी अव्वल ठरली आणि अहमदपूर ओलांडून लोह्याच्या वाटेवर असलेल्या आमच्या गावाला लागू झाली. रोज दोन खेपा.

गावात पोचेतो ती तापून लाल व्हायची, म्हणजे आणखी लाल. चालक साहेबराव वाफेतून बाजूला होऊन गावच्या आडाचं पाणी मागायचा. खेपेला चार घागरी: एक रेडिएटरात, तीन वरून ओतायला. त्याच आडाला बौद्धवाड्यातल्या चांगुणानं हात लावायचा नव्हता. कुणाला दया आली तर वरून ओतायचे, नाहीतर कोसभर लांब ओढ्यात झरा उकरायचा. (गाडीला जात कुणी विचारली नाही. परदेशची होती, शिवाय चकचकीत.)

बौद्धवाड्याला खरा टँकर द्या, असा अर्ज चांगुणानं केला. उत्तर आलं: 'आपले गावी टँकर चालू असून पावत्या नियमित येत आहेत. सबब दुसरा देता येत नाही.' दर खेपेच्या पावतीवर दोन खुणा लागत. सरपंच अमृतरावांची सही आणि पाणी मिळाल्याबद्दल बौद्धवाड्यातर्फे चांगुणाचा अंगठा. साहेबराव पावती घेऊन तिच्या दारी गेला.

"चांगुणाबाई, लावा अंगठा. पानी मिळालं म्हनून."

"कुटं हाय पानी?"

"गाडीत हाय."

"ते तर आडाचं. तुजी गाडीच पिली की रं ते!"

"मंग गाडीत हायच की. मी काय लबाड बोलून राहिलो का?"

"न्हाई बाबा. तू खरं बोलून राहिलास, हेच तर लई वंगाळ हाय."

अंगठा मुठीत दाबून ती आत गेली. पावत्या मात्र अंगठ्यासकट कचेरीत पोचत राहिल्या. पाऊस पडला तरी खेपा थांबल्या नाहीत, कारण खेप थांबायला आधी पावती थांबावी लागते. दहा वर्षांत सात हजार तीनशे अंगठे. (लीप वर्षांचे जादा दिवस गावाने फुकट दिले.)

चौथा मालक नवा जिल्हा. ब्याऐंशीच्या वाटणीत जुन्या जिल्ह्याने नव्याला मोडकी कपाटं, तीन पायांची टेबलं आणि 'टँकर, नग एक' दिला. तो कलेक्टर साहेबांनी, म्हणजे तुम्हीच, टंचाईच्या पाहणीसाठी स्वतःकडे ठेवला. नवा जिल्हा झाल्याच्या मिरवणुकीत तोच पुढे होता. गावंच्या गावं टाळ्या पिटत होती, आमचंही. मग साहेब आमच्याकडे पाहणीला आले. गाडी तापली. चार घागरी.

परवा चांगुणा कचेरीत गेली. टाळूवर चुंबळीच्या जागी केस उरलेले नाहीत. तिने कोऱ्या कागदावर अंगठा उठवला आणि म्हणाली, "पावत्यांशी ताडून बघा." साहेबांनी खरंच ताडून बघितला. (एवढी तत्परता आम्ही प्रथमच पाहिली.) निकाल लेखी मिळाला: 'अर्जदाराचा अंगठा अभिलेखाशी जुळत नाही. सबब अर्जदार ही चांगुणा नव्हे. खऱ्या चांगुणाने अर्ज करावा.'

तर साहेब, जबाब द्या. ते सात हजार तीनशे अंगठे कुणाचे? आणि बौद्धवाड्याला टँकर कधी?

साहेब बोलणार नाहीत, हे ठाऊक आहे. म्हणून वाचणाऱ्याला विचारतो. मिरवणुकीत तुम्हीही होतात, त्या गाडीला हात लावायला धावला होतात. हसून झालं असेल तर अंगठा जरा पुढे करा. शाई आहे का, बघू.