पंधरा अक्षरांची गाडी

जर्मनीतल्या एका दुकानाला लाकडी गाडी पसंत पडली. ‘एक पक्का नमुना पाठवा, मग पाचशे घेऊ,’ असं पत्र आलं आणि खेळण्यांच्या कारखान्याचे मालक हवेत तरंगू लागले. गाडी मात्र मिस्त्रींची होती. नातीच्या मुठीत मावेल अशी त्यांनी ती बेतली होती आणि दाराच्या बाजूला, इवल्याशा दांड्याखाली, इंग्रजीत ‘हँडब्रेक’ असं कोरलं होतं.

“इंग्रजी कशाला?” मालक म्हणाले. “तिथे जर्मनच पाहिजे.”

“त्यांनी मागितलंय का?”

“मागेपर्यंत वाट बघायची?”

मालकांची पुतणी जर्मन शिकत होती. तिला बोलावणं गेलं.

“सोपं आहे, काका. हांडब्रेम्झे. इंग्रजीपेक्षा एकच अक्षर जास्त.”

“सगळे असंच म्हणतात?”

“घरीदारी असंच. नियमांच्या पुस्तकात फेस्टश्टेलब्रेम्झे लिहितात. त्यात पंधरा अक्षरं.”

“मग तेच घाला. परक्या लोकांसमोर घरगुती बोलू नये.”

पंधरा अक्षरं गाडीवर मावेनात. बारीक केली तर मालकांना चष्म्यातूनही दिसेनात. म्हणून गाडी चार बोटं लांबवली. लांबवल्यावर तिचं पोट जमिनीला टेकू लागलं, म्हणून आणखी दोन चाकं आली. एवढ्या गाडीत ड्रायव्हर एकटा बरा दिसेना, तेव्हा नऊ प्रवासी बसवले आणि त्यांच्यासाठी खिडक्या पाडल्या.

“मालक, ही बस झाली,” मिस्त्री म्हणाले. त्यांना मनापासून वाईट वाटत होतं. “हिला मुठीत कोण धरणार?”

“शब्द बघा ना, कसा ऐसपैस बसलाय,” मालक म्हणाले आणि त्यांनी खोकं स्वतःच्या हाताने बांधलं.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. पुतणीने वाचून दाखवलं, “बस छान आहे. पण आम्ही पसंत केली होती ती मुठीत मावणारी गाडी. पाचशे गाड्या दहा दिवसांत निघाल्या नाहीत, तर आम्ही दुसरीकडे बघू. आणि शब्द इंग्रजीच ठेवा. मुलांनी लवकर इंग्रजी शिकावं, असं इथल्या आईबापांना वाटतं.”

मालक मटकन स्टुलावर बसले. “दहा दिवसांत पाचशे? मिस्त्री, संपलं सगळं.”

मिस्त्रींनी टेबलाखालची खोकी एकेक करत बाहेर ओढली. सगळी छोट्या गाड्यांनी भरलेली होती.

“चारशे साठ झाल्यात,” ते म्हणाले. “उत्तराची वाट तुम्ही बघत होतात. मी नव्हतो बघत.”

मालकांनी एक गाडी उचलली, चष्मा वर केला, खाली केला.

“अक्षरं जरा मोठी करता आली असती,” ते म्हणाले.

मिस्त्रींनी त्यांच्या हातातून गाडी काढून घेतली आणि खोक्याला झाकण लावलं.