प्रमाणित धनुष्याला दोरी चढवू नये

केटल लेक धनुर्धारी क्लबच्या वार्षिक स्पर्धेत यंदा त्रेचाळीस धनुष्यं दाखल झाली आणि एकूण तीन बाण सुटले. हे तिन्ही बाण नियमबाह्य होते. क्लबचा सेक्रेटरी या नात्याने मी, वेंडेल ओस्टिंग, याचं रीतसर कार्यवृत्त लिहिलं आहे. पण गावात कॉफीच्या टेबलावर सध्या नाही नाही ते बोललं जातंय, सेक्रेटरीला काळीज नाही इथपर्यंत मजल गेलीय, म्हणून हे वेगळं लिहावं लागतंय.

आमच्या मिशिगनच्या या कोपऱ्यात जुन्या धनुष्याचं कुणालाच अप्रूप नव्हतं. ती इथेच बनायची. तलावाकाठच्या कारखान्यात लाकडाच्या पातळ पट्ट्या सरस लावून एकावर एक ठेवायच्या, वर-खाली फायबरग्लास, मग साच्यात दाबून भट्टीत. टोकं पुढे उलटी वळलेलं देखणं धनुष्य बाहेर पडायचं. पुढे टोकांना कप्पीसारखी चाकं लावलेली, ओढायला हलकी धनुष्यं निघाली, पंचाहत्तर साली कारखाना बंद पडला, आणि आमची धनुष्यं गॅरेजच्या फळीवर जाऊन बसली. घरातली अडगळ अंगणात मांडून विकतात तेव्हा बर्फ ओढायचं फावडं आणि चार तुकडे हरवलेलं कोडं यांच्यामध्ये ती पडलेली असायची, दहा-पंधरा डॉलरला. एक डोळा मिटून पातं, म्हणजे मुठीच्या वर-खालचा वाकता भाग, पिळलंय का बघायचं, चीर आहे का म्हणून नख फिरवायचं, की झालं. साठ वर्षांची ती लाकडं नव्या सातशे डॉलरवाल्याच्या तोंडात मारतील अशी चालायची.

मग तीन वर्षांपूर्वी कुण्या शहाण्याने इंटरनेटवर लिहिलं की, स्वस्तातली जुनी धनुष्यं हीच खरी धनुष्यं. आठवड्याभरात शिकागोवाल्यांच्या गाड्या गावात फिरायला लागल्या. पंधराचं धनुष्य तीनशेला गेलं. स्वस्त गोष्ट स्वस्त राहावी म्हणून क्लबने तातडीची सभा बोलावली आणि 'स्वस्त वारसा धनुष्य संवर्धन समिती' स्थापन केली. अध्यक्ष डॉ. मर्टन ट्रेंबाथ. निवृत्त दंतवैद्य, दक्षिणेकडून येऊन तलावाकाठी बंगला बांधलेला माणूस. घरात भिंतीवर बासष्ट धनुष्यं, आणि एकालाही दोरी नाही.

"दोरी चढवली की पातं थकतं," ते आम्हाला समजावत. "मी चाळीस वर्षं लोकांना हेच सांगत आलो. दात वापरता, म्हणून झिजतात."

हे आम्हाला फार पटलं.

सुरुवात अगदी योग्य कारणाने झाली, हे नोंदवतो. एकाचं धनुष्य ऐन नेमावर फुटलं आणि त्याचा तुकडा पाद्रीबुवांची टोपी घेऊन गेला. म्हणून तपासणी आली. डॉक्टर तोंडात घालायचा तो छोटा आरसा घेऊन एकेक चीर बघायचे आणि प्रमाणपत्र द्यायचे, 'आज आहे त्या स्थितीत उत्तम'. तेव्हा खजिनदाराने शंका काढली की, दोरी चढवून बाण मारल्यावर स्थिती आजची कशी राहील? शंका बिनतोड होती. म्हणून नियम सहा झाला : प्रमाणित धनुष्याला दोरी चढवू नये. आणि अप्रमाणित धनुष्याला स्पर्धेत प्रवेश नाही, हा नियम पाच आधीचाच. दोन्हींना मीच अनुमोदन दिलं. वेगवेगळे वाचले तर दोन्ही नियम शहाणपणाचे आहेत.

स्पर्धेच्या आधीच्या गुरुवारी अर्डिस पेल्टोलाबाई आपलं धनुष्य घेऊन तपासणीला आल्या. वय एक्याऐंशी. कारखान्यात तेरा वर्षं सरस लावायच्या. माझ्या आईला धनुष्य धरायला त्यांनीच शिकवलं होतं, आणि आईने मला. त्यांनी धनुष्य टेबलावर ठेवलं आणि उजवा खांदा चोळत उभ्या राहिल्या.

"लवकर आटप रे वेंडेल. सोमवारी या खांद्यात पोलादी सांधा बसवतायत. डॉक्टर म्हणाला, त्यानंतर धनुष्याचं नाव काढायचं नाही. म्हणजे शनिवार शेवटचा. वीस निशाणं फिरून यायचंय मला."

"वीसच्या वीस? या खांद्याने?"

"विसाव्यासाठीच तर. बीव्हरच्या बांधाजवळ रेनोची राख टाकलीय, तुला ठाऊक आहे. लग्नात त्याला हे धनुष्य दिलं होतं मी. त्याच्यासमोर यानेच शेवटचा बाण मारायचा आणि मग त्या डॉक्टरला म्हणायचं, काप बाबा काय कापायचं ते."

डॉ. ट्रेंबाथ यांनी भिंग लावलं. धनुष्य ओळीत सरळ होतं, चीर नव्हती. पण मुठीत काळ्या लाकडाच्या मधोमध एक पांढरी पट्टी होती. त्यांनी त्रेसष्ट सालचा छापील कॅटलॉग उघडला.

"बाई, या मॉडेलला पांढरी पट्टी नाही. मूठ संपूर्ण काळी हवी. आणि अनुक्रमांक कुठाय?"

"नाहीच. जेवणाच्या सुट्टीत बनवलंय. आम्ही सगळेच बनवायचो, उरल्यासुरल्या तुकड्यांचं, घरच्यासाठी. फोरमन भिंतीकडे तोंड करून सँडविच खायचा. ती पट्टी आहे ना, ती बोलिंगच्या हॉलची लाकडी जमीन उखडली तेव्हा रेनोने आणलेली. मेपल आहे चांगलं."

"म्हणजे कारखान्याच्या नोंदीत हे नाही."

"जेवणाच्या सुट्टीची नोंद कोण ठेवतो हो?"

"मग तुम्ही तिथे कामाला होता याला तरी काही पुरावा?"

अर्डिसबाईंनी कॅटलॉग आपल्याकडे ओढला, चौथं पान काढलं आणि बोट ठेवलं. डोक्याला रुमाल बांधलेली एक तरुण मुलगी साच्यावर वाकली होती. तेच नाक, तीच हनुवटी.

डॉक्टरांनी आधी फोटोकडे पाहिलं, मग बाईंकडे, मग फोटोखालच्या ओळीकडे. "इथे लिहिलंय, 'आमचे कसबी गडी'. हा फोटो बाईचा आहे असं कॅटलॉग म्हणत नाही."

"वेंडेल," बाई माझ्याकडे वळल्या, "तू तरी सांग की रे याला."

मी सांगितलं असतं. पण सेक्रेटरीने मत द्यायचं नसतं, फक्त लिहून घ्यायचं असतं. मी लिहून घेतलं. 'सदर वस्तू धनुष्य असल्याचं सिद्ध होत नाही.' खाली शिक्का मारला. प्रतिकृतींच्या गटात नाव घालता येईल का, म्हणून मी आपण होऊन चौकशी केली, हेही नोंदवतो. पण प्रतिकृतीला तुलनेसाठी मूळ धनुष्य सादर करावं लागतं, आणि बाईंकडे एकच होतं.

"शिंची अक्कल तुमची," असं म्हणून बाईंनी तो कागद घडी घालून खिशात टाकला आणि धनुष्य काखेत मारून निघून गेल्या.

शनिवार उत्तम उजाडला. सफरचंदाचा रस होता, गरम डोनट होते, बटाट्याच्या किसाचे चार कॅसरोल होते. बेचाळीस स्पर्धक आपापली प्रमाणित धनुष्यं मऊ पेट्यांत घालून नेमाच्या रेषेवर आले. प्रत्येकाने पेटी उघडायची, समितीने कॅटलॉग बघून त्या धनुष्याने बाण कुठे लागला असता ते ठरवायचं, आणि मी गुण मांडायचे, अशी पद्धत आहे. निशाणं म्हणून पायवाटेवर जागोजाग उभ्या केलेल्या फोमच्या हरणांना ओरखडासुद्धा येत नाही. आमच्या पाद्रीबुवांना पहिल्याच निशाणावर दहापैकी दहा पडले. ते म्हणाले, "प्रत्यक्ष मारायचो तेव्हा कधी चारच्या वर गेलो नव्हतो." सगळ्यांनी त्यांचं अभिनंदन केलं.

त्रेचाळिसाव्या अर्डिसबाई. त्यांनी पाय धनुष्यात अडकवला, दात-ओठ खाऊन ते वाकवलं आणि दोरी चढवली.

"बाई! धनुष्याला दोरी?" डॉक्टर ओरडले.

"कुठलं धनुष्य?" बाईंनी खिशातला कागद काढून त्यांच्या नाकासमोर धरला. "शिक्का आहे बघा. ही वस्तू आहे. वस्तूला काय चढवायचं हे तुमच्या नियमात कुठे लिहिलंय, दाखवा."

मी नियमावली पुढून मागून चाळली. नव्हतं लिहिलेलं. मी मान हलवली. खरं सांगतो, मला त्या क्षणी आनंद झाला होता.

बाईंनी खांदा एकदा गोल फिरवला, ओढलं आणि सोडलं. ठप्प. हरणाच्या बरोबर काळजात. ओढताना चेहरा वेदनेने वाकडा झाला होता, पण सोडताना सरळ. दुसरं निशाण, ठप्प. मागून लोक निघाले, डोनट हातात तसेच. तिसरं निशाण ओढ्यापलीकडचं, चाळीस यार्डांवर. ठप्प. कुणीतरी शीळ घातली. कुणीतरी म्हणालं, "अरे, असा आवाज ऐकून किती वर्षं झाली!"

डॉ. ट्रेंबाथ यांचे डोळे भरून आले. कठोर माणूस, पण गुणाची कदर आहे. ते बाईंच्या जवळ गेले आणि आदराने टोपी काढली. "मी चुकलो. साफ चुकलो. जेवणाच्या सुट्टीतलं, कामगाराच्या हातचं, नोंदीत नसलेलं, जगातलं एकमेव धनुष्य आहे हे! कॅटलॉगच्याही वरचं!" मग माझ्याकडे वळून म्हणाले, "नियम अकरा."

नियम अकरानुसार समिती वारशाच्या हितासाठी कुठल्याही धनुष्याला स्वतःहून प्रमाणपत्र देऊ शकते. त्यानंतर मालक मालक राहत नाही, त्याला पालक म्हणतात. डॉक्टरांच्या खिशात सोनेरी लेबल होतंच. ते मुठीवर, पांढऱ्या पट्टीच्या बरोबर वर चिकटलं. टाळ्यांचा कडकडाट झाला.

आणि प्रमाणित धनुष्याला दोरी चढवता येत नाही.

"अहो, थांबा, सतरा राहिलीत माझी," बाई म्हणाल्या. "सतरा नको. शेवटचं एक मारू द्या. एकच. मग घ्या हो तुमचं ते लेबल."

"आता एकही बाण म्हणजे वारशाचं नुकसान, बाई. तुमच्याच धनुष्याच्या भल्यासाठी आहे." समितीतल्या तिघांनी मिळून अगदी हळुवारपणे धनुष्य त्यांच्या हातातून सोडवलं आणि दोरी उतरवली. प्रमाणपत्रावर दोन सह्या लागतात. एक अध्यक्षाची, एक सेक्रेटरीची. प्रमाणपत्र लावलेली फळी माझ्यासमोर आली. सगळे माझ्याकडे बघत होते, बाईही.

"वेंडेल," त्या एवढंच म्हणाल्या.

मी सही केली. नियमात बसत होतं. सही करून मान वर केली तेव्हा बाई पायवाटेने विसाव्या निशाणाकडे एकट्या निघाल्या होत्या, हातात उरलेले बाण घेऊन. माझी त्यांच्या मागे जायची फार इच्छा होती, पण गुणांची बेरीज व्हायची होती.

ते धनुष्य आता क्लबमध्ये काचेत आहे. लोक लांबून बघायला येतात. मी त्यांना ही सगळी हकिकत सांगतो, काही लपवत नाही. ऐकणारे हळहळतात, डॉक्टरांना शिव्या घालतात, मलाही घालतात. नियमांची टर उडवतात. मग जरा घुटमळतात, काचेला नाक लावतात आणि हळूच विचारतात, "असं आणखी एखादं मिळेल का हो इकडे? साधारण केवढ्याला?"

सोमवारी अर्डिसबाईंच्या खांद्याचं काय झालं, हे आजवर एकानेही विचारलेलं नाही. मीही अजून गेलेलो नाही. तुम्हीही इथवर वाचत आलात, मुठीतल्या त्या पांढऱ्या पट्टीचं लाकूड कुठलं हे तुमच्या लक्षात असेल. सोमवार लक्षात होता का?