पान एकशे बारा

आमचे शेजारी तात्या तांबट लग्नपत्रिका हातात पडली की आधी ती तपासतात. लाल पेन्सिलीनं चुका दुरुस्त करून पत्रिका वधूपित्याला परत करतात आणि मग सहकुटुंब जेवायला जातात. हल्ली कसबा पेठेतली शहाणी माणसं छापण्याआधीच मजकूर त्यांना दाखवून नेतात.

उभी हयात त्यांनी छापखान्यात मुद्रितं तपासली. त्यामुळे जगात काहीही कळलं नाही की त्यांचं निदान ठरलेलं: "मजकूर गळलाय." सुनेनं तुटक उत्तर दिलं तरी तेच.

त्यांची लाडकी कादंबरी कोकणातल्या एका ज्यू कुटुंबावरची. कितीदा वाचली याचा हिशोब नाही, पण पान एकशे बारापाशी गाडं अडतं. घरधनी वारला आहे, बायको जमिनीवर बसून आहे. शेजारी येतो, तासभर बसतो, चकार शब्द न काढता निघून जातो. पुढचं वाक्य, 'त्या दिवशी ती पहिल्यांदा जेवली.'

"अहो, पण तो बोलला काय?" तात्या मला विचारत. "सांत्वनाचा अख्खा परिच्छेद खाल्लाय खिळे जुळवणाऱ्यानं."

जुन्या बाजारातून त्यांनी आणखी दोन आवृत्त्या पैदा केल्या. त्यांतही तेच. "चूक परंपरेनं चालत आलीय," तात्या म्हणाले.

हा परिच्छेद त्यांना एवढा का हवा होता, ते तांबटकाकूंकडून कळलं. वारज्याचे दिनकरराव म्हणजे तात्यांचे छापखान्यातले जोडीदार. ते मूळ प्रत मोठ्यानं वाचत, तात्या मुद्रित ताडून बघत. दिनकररावांची बायको जाऊन दोन महिने झाले, तरी तात्या भेटायला गेले नव्हते.

"काय बोलायचं ते सुचत नाही म्हणतात," काकू म्हणाल्या. "रोज चपला घालतात आणि पुन्हा काढून ठेवतात."

मी आमच्या ऑफिसातल्या रिबेका मॅडमना विचारलं. त्या रास्ता पेठेतल्या, ज्यू.

"काही गळलेलं नाहीये," त्या हसल्या. "आमच्यात दुःखाच्या घरी गेल्यावर आपण आधी बोलायचं नसतं. ज्याचं माणूस गेलंय तो बोलेपर्यंत नुसतं बसायचं."

हे सांगितल्यावर तात्या बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

"म्हणजे बोलावं लागत नाही," ते म्हणाले. "स्कूटर काढता का जरा?"

वारज्याला दिनकररावांनी दार उघडलं. तात्या त्यांच्याशेजारी सतरंजीवर बसले आणि खरोखरच गप्प राहिले. मलाच अवघडल्यासारखं झालं.

पाऊण तासानं दिनकरराव म्हणाले, "सगळे आले, बोलून गेले. तू येऊन काय बोलशील, याचीच मला धास्ती होती रे."

मग ते बायकोबद्दल सांगू लागले. तात्यांनी त्यांचा हात धरला होता. दोघे म्हातारे रडायला लागले, तेव्हा मी उठून बाल्कनीत जाऊन उभा राहिलो.