माझ्या सायनसचा फोटो

सायनसचा फोटो काढायचा, हा निर्णय मी चिडून घेतला. (माझे सगळेच निर्णय असेच असतात.)

मी तलासरीला कारकून. घर कैनाडला, थोडी भातशेतीही तिथेच. भात झोडायची वेळ आली की माझं डोकं दुखायचं, नाक चोंदायचं. २०१० साली कोणीतरी म्हणालं, "सायनस असेल." मी तो शब्द आनंदाने घरी घेऊन आलो. तेव्हापासून झोडणी, पाखडणी, कणगी झाडणं, सगळी धूळ बायकोच्या वाट्याला; मी कानटोपी घालून, कपाळाला बाम चोळून ओट्यावर. संगिता काही बोलायची नाही. अलीकडे मात्र अधूनमधून भात करपवायची. तो राग असावा असं समजून मी गुपचूप खायचो.

२०१७च्या दिवाळीनंतर चुलतभाऊ रघ्या खळ्यावरून ओरडला, "दादा, तुझा सायनस कोनी बगलाय काय?"

झालं! "फोटोच आणून दाखवतो," मी म्हणालो.

डहाणूच्या डॉक्टरांनी आधी महिनाभर औषधं दिली. मी नेटाने "फरक नाही" सांगत राहिलो. शेवटी त्यांनी सीटी स्कॅन लिहून दिला, वापीला. आजार फोटोत नीट उमटावा म्हणून आदल्या दिवशी मी वाटीभर आंबट दही आणि दोन काकड्या खाल्ल्या. मशीनवरचा माणूस म्हणाला, "हालता नहीं, भाई." मी कसला हलतोय! सात वर्षांची इभ्रत पणाला लागली होती.

फिल्म दाखवायला जाताना साक्षीदार म्हणून संगितालाही नेलं. डॉक्टरांनी फिल्म दिव्याच्या काचेवर लावली. नाकाच्या दोन्ही बाजूंना काळंकुट्ट!

"बघ," मी तिच्या कानाशी लागलो, "आतून पार सडलंय."

"काळं म्हणजे हवा," डॉक्टर म्हणाले. "सगळं मोकळं आहे. इतके स्वच्छ सायनस क्वचित बघायला मिळतात. तुम्हाला हा आजार नाही. डोकं नेमकं कधी दुखतं?"

"झोडणीला," संगिता म्हणाली, आणि लागोपाठ चार वेळा शिंकली.

डॉक्टर तिच्याकडे वळले. "तुमचं नाक कधीपासून चोंदतंय?"

"माझं? ते रोजचंच."

"वास येतो?"

"तीन वर्सं झाली, नाय येत. म्हणून तर भात करपतो."

म्हणजे तो राग नव्हता. मला फार वाईट वाटलं. खाली मान घालून, तिला घेऊन मी दुसऱ्यांदा वापी गाठली.

तिच्या फिल्ममध्ये गालांमागे, कपाळात सगळं पांढरं. कोणी पीठ भरून ठेवावं तसं. सात वर्षं आजाराचं नाव मी मिरवलं आणि आजार तिने काढला. तिला औषधं झाली, एक लहानसं ऑपरेशन झालं, आणि डॉक्टरांनी धूळ कायमची बंद केली.

पुढच्या झोडणीला ओट्यावर संगिता, डोक्याला माझी कानटोपी; खळ्यावर मी. पहिल्याच दिवशी मी कण्हलो, "डोकं दुखतंय गं." तिने नुसतं भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे खिळ्याला माझी काळी फिल्म टांगलेली आहे. (येणाऱ्याजाणाऱ्याला ती रघ्या समजावून सांगतो.)

चौथ्या दिवशी ती एकदम ताठ बसली. "अहो, वास आला!"

मी सूप टाकून धावलो. माझे डोळे भरून आले होते. "नव्या तांदळाचा?"

तिने डोक्यावरची टोपी काढली आणि दोन बोटांत धरून लांब केली.

"हिचा. सात वर्सांत एकदा तरी धुतली होती काय?"

तेव्हापासून धुणंही माझ्याकडे आहे.