तपासणीला सासरे

घड्याळजीचा हात मोठा नाजूक. मनगटी घड्याळातला केसाएवढा स्क्रू चिमट्यानं उचलून जागेवर बसवायचा आणि तोवर पापणीही लववायचा नाही. त्यामुळे होणाऱ्या बायकोनं, म्हणजे शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाईंनी, लग्नाआधी दोघांनीही एचआयव्ही आणि बाकीच्या गुप्तरोगांची तपासणी करून घेऊ, असं सरळ सांगितलं, तेव्हा तो ऐटीत म्हणाला, की या कानाचं त्या कानाला कळणार नाही.

त्यानं शहराच्या पार दुसऱ्या टोकाचं इस्पितळ निवडलं. मंगळवारी दुकान बंद ठेवलं, डोळ्यांपर्यंत टोपी ओढली आणि दोन बस बदलून पोचला. बाकावर एकच माणूस होता, तोंडापुढं वर्तमानपत्र धरून बसलेला. घड्याळजी निर्धास्तपणे शेजारी टेकला. मग त्याची नजर वर्तमानपत्र धरलेल्या मनगटावर गेली. ते घड्याळ त्यानंच गेल्या आठवड्यात दुरुस्त केलं होतं, वर होणारे सासरे म्हणून नवा पट्टाही घालून दिला होता.

वर्तमानपत्र खाली आलं. निवृत्त पोस्टमास्तर, वय चौसष्ट, बायको जाऊन नऊ वर्षं झालेली. मास्तर म्हणाले, गुडघा दाखवायला आलोय. घड्याळजी म्हणाला, मित्राला भेटायला. समोरच्या दारावर तपासणीची हातभर पाटी होती, ती दोघांनाही दिसली नाही.

तेवढ्यात दार उघडून समुपदेशक बाईंनी विचारलं, दोघं बरोबर आहात ना? गडबडीत दोघंही हो म्हणाले.

आत गेल्यावर बाईंनी जोडीनं आल्याबद्दल तोंडभरून कौतुक केलं. घड्याळजीला वाटलं, हे कौतुक सासरे-जावयाचं चाललंय. घरच्या माणसांत एवढं असायलाच हवं, असं तो लाजत म्हणाला. मग बाईंनी विचारलं, शेवटचा शरीरसंबंध कधी आला होता? घड्याळजीनं टेबलाच्या कडेवर नजर ठेवून सांगितलं, सहा वर्षं झाली.

मास्तर छताच्या पंख्याकडं बघत म्हणाले, "गेल्या महिन्यात."

बाईंचं पेन थांबलं. त्यांनी घड्याळजीकडं फार मायेनं पाहिलं.

"तुम्हाला हे आत्ताच कळतंय. त्रास होणारच. पण ते खरं बोलले, एवढं लक्षात घ्या."

"अहो, ते माझे सासरे आहेत."

बाईंनी पेन खालीच ठेवलं.

उलगडा व्हायला दहा मिनिटं लागली. बाईंनी माफी मागितली, वेगवेगळं बसा म्हणाल्या. पण मास्तर म्हणाले, आता लपवायचं राहिलंय काय? वाचनालयातल्या ग्रंथपाल बाई त्यांची मैत्रीण, आणि आधी तपासणी, मग पुढचं बोलणं, असं त्या मैत्रिणीनंच बजावलं होतं. कंडोम मास्तरांनी वापरला नव्हता. या वयात पाळणा थोडाच हलणार, असा त्यांचा हिशेब.

"काका, कंडोम फक्त मूल टाळायला नसतो," समुपदेशक बाई म्हणाल्या. लागण वय बघून होत नाही. आणि नवी लागण असली तर ती तपासणीत लगेच दिसेलच असं नाही, म्हणून मास्तरांनी तीन महिन्यांनी पुन्हा यायचं, आणि तोवर दर वेळी कंडोम. मग त्यांनी लाकडी नमुना पुढं ठेवला आणि दोघांकडूनही कंडोम चढवायचा सराव करून घेतला. त्या पाच मिनिटांत काय झालं, ते घड्याळजीनं आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

रक्त दिलं, दुपारी रिपोर्ट आले, दोघांचेही निर्धोक. बसथांब्यावर मास्तरांचा आवाज एकदम खाली गेला. नऊ वर्षं एकटेपणात काढली, पण पोरीला काय वाटेल, या धास्तीनं त्यांनी मैत्रिणीचं नावही घरात काढलं नव्हतं.

"घरी काही बोलू नका, जावईबापू. लग्न झाल्यावर सावकाश मीच सांगेन."

घड्याळजीनं शब्द दिला.

संध्याकाळी विज्ञानाच्या बाई दुकानात आल्या. त्यानं रिपोर्ट पुढं केला आणि सांगितलं, की ओळखीचं चिटपाखरूसुद्धा भेटलं नाही. त्यांनी रिपोर्ट वाचला, स्वतःच्या रिपोर्टाबरोबर घडी घालून पर्समध्ये ठेवला.

"बाबांना घरात पाऊल टाकल्यावर दम निघाला नाही," त्या म्हणाल्या. "ग्रंथपाल बाई रविवारी जेवायला येणार आहेत. तुमचीही तारीफ चालली होती."

घड्याळजी सुखावला. "काय म्हणाले?"

"म्हणाले, पोरगा सज्जन आहे. फक्त कंडोमचं पाकीट दातानं फोडतो, तेवढं त्याला शिकव."