एकोणीस संकष्ट्या आणि एक गरम लॅपटॉप

विजयश्रीनं बंद लॅपटॉपला हात लावून पाहायचं ठरवलं, ते नुसतं धूळ पुसायच्या निमित्तानं. (निमित्त खरं होतं. फडकं हातात होतं.) लॅपटॉप चांगलाच तापलेला. शेजारी नवनाथ शर्टाला बटण लावत बसला होता. लग्नाला चौदा वर्षं झाली, पण या माणसानं सुईत दोरा ओवलेला तिनं कधी पाहिला नव्हता.

"अहो, हा गरम कसा?"

"ऊन आहे."

"पडदा लावलाय."

नवनाथनं बटणाकडं जास्तच लक्ष दिलं.

नवनाथ महाळुंग्याच्या एका कंपनीत फिरत्या शिफ्टला होता. त्याला जनरल शिफ्ट मिळावी, त्यानं संध्याकाळी घरात बसून चहा प्यावा, एवढ्यासाठी तिनं एकवीस संकष्ट्या धरल्या होत्या. नवऱ्याचाही हातभार हवा, म्हणून त्यानं देवापुढं शब्द दिला होता, 'उद्यापन होईपर्यंत या लॅपटॉपवर गेम टाकणार नाही.' शब्द मोडला तर पुन्हा पहिलीपासून. एकोणीस झाल्या होत्या.

"उघडा."

लग्नाआधी केलेला कॉम्प्युटरचा कोर्स तिला आज उपयोगी पडला. तिनं सगळी यादी पाहिली. गेम कुठंच नव्हता. काहीच सापडलं नाही, हेच तिला जास्त संशयास्पद वाटलं.

"देवाकडं बघून सांगा. खेळता?"

नवनाथनं देवाकडं पाहिलं. "खेळतो. पण टाकलेला नाही."

"म्हणजे?"

"कंटेनरमध्ये चालवतो. गेम जुना, त्याला त्याच्या काळातल्याच लायब्रऱ्या लागतात, म्हणजे लागणारं सामान गं. आपल्या लॅपटॉपवरची लिनक्स सिस्टिम नवी, तिच्यावर तो उघडेना. मग कंपनीतला गणराज म्हणाला, वेगळा कप्पा कर, जुनं सामान त्यातच ठेव. लॅपटॉपच्या एकाही लायब्ररीला हात लागला नाही. शब्द शाबूत."

"शब्द शाबूत होता, तर खेळताना खोलीचं दार का लावून घेत होतात?"

"तुला समजावण्यात वेळ गेला असता."

पण विजयश्रीला लगेच समजलं. तिच्या स्वयंपाकघरात उपासाचं असंच असतं. ओटा तोच, पण सैंधव मीठ वेगळं, तेल वेगळं, तवा वेगळा, आणि इकडचा चमचा तिकडं नाही. तिला एकदम बरं वाटलं. एकोणीस संकष्ट्या वाचतील की काय, अशी आशा वाटू लागली. फक्त खात्री केलेली बरी.

"आत सगळं आतलंच? बाहेरचं काही नाही?"

"काही नाही."

"आणि पडद्यावर चित्र दिसतं ते?"

"तो ग्राफिक्सचा ड्रायव्हर. तेवढा लॅपटॉपचाच घ्यावा लागतो."

"म्हणजे साबुदाण्यात रोजच्या फोडणीचा चमचा बुडवलात."

"गॅस तर तुझाही एकच आहे की."

"गॅस कुणी खात नाही, अहो." विजयश्रीचा आवाज हळवा झाला. "शब्द मोडला तुम्ही. माझं बघा, एकोणीस संकष्ट्यांत त्या उपासाच्या तव्याला बाहेरचा थेंब लागला नाही."

नवनाथनं पुन्हा बटणाकडं लक्ष दिलं.

"काय झालं?"

"काही नाही."

"अहो."

"मागं एकदा तू चिंचवडला मोरयाच्या दर्शनाला गेली होतीस. मला भूक लागली. रोजचा तवा घासायला पडलेला. एकच ऑम्लेट केलं गं, दोन अंड्यांचं. तुझ्या तव्याला अजिबात चिकटत नाही, बघ."

विजयश्री खाली बसली. "मागं म्हणजे कधी?"

"तिसरी असेल. चौथी पण."

देवघरातली निरांजनाची वात तिनं उगाचच सरळ केली. मग उठून कॅलेंडरवर येत्या संकष्टीपुढं ठळक अक्षरांत 'पहिली' लिहिलं.

नवनाथ अपराधी चेहऱ्यानं मागं येऊन उभा राहिला. "काढून टाकू का गेम?"

"राहू द्या," ती म्हणाली. "या खेपेला तुमचा शब्दच नको. संकष्टीला तर दिवसभर खेळा. मी डबा तिथंच आणून देईन. ओट्याकडं तेवढं फिरकू नका."