पासष्टच्या आतला वारा

वादळ आलं की नाही, हे ठरवण्याचा अधिकार वादळात सापडलेल्या माणसाला नसतो. तो घाबरलेला असतो, ओला असतो आणि बहुतेक वेळा खाटेखाली असतो. अशा माणसाच्या सांगण्यावर कारभार चालवायचा म्हटलं तर दर चार दिवसांनी वादळं येतील. म्हणून शहाण्या माणसांनी नियम करून ठेवला आहे. वाऱ्याचा वेग ताशी पासष्ट किलोमीटर भरला तर ते वादळ. त्याच्या आत तो 'जोरदार वारा'. वादळात छप्पर गेलं तर गोदामातून नवे पत्रे मिळतात. जोरदार वाऱ्यात गेलं तर 'आपले छप्पर, आपली जबाबदारी' हे माहितीपत्रक मिळतं. (कागद चांगला जाड असतो. दोन कुटुंबांनी तो डोक्यावर धरल्याची नोंद आहे.)

हा वेग मोजायचं काम वारामास्तरांकडे होतं. त्यांचं खरं नाव हजेरीपटावर होतं आणि तिथेच राहिलं. हवामान कचेरीच्या गच्चीवर एक खांब, खांबावर चार वाट्या. वाऱ्याने वाट्या फिरायच्या आणि खाली मास्तरांच्या टेबलावरच्या तबकडीत काटा हलायचा. दर पाच मिनिटांनी काटा वाचायचा आणि वहीत आकडा लिहायचा. बावीस वर्षांत त्यांनी पदरचा एकही आकडा घातला नव्हता. चहात साखर किती, असं बायकोने विचारलं तरी ते "एक चमचा, सपाट" असं सांगत. अशा माणसाबरोबर संसार करणं सोपं नसतं, पण ती तक्रार त्यांच्या खात्याच्या कक्षेत येत नाही.

मंगळवारी दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी वारा सुटला. काटा चाळीसवर गेला, मग बावन्न, मग अठ्ठावन्न, मग एकसष्ट. तेवढ्यात गच्चीवर खाड्कन आवाज झाला आणि काटा मुकाट्याने शून्यावर येऊन बसला. वाट्या उडाल्या होत्या. मास्तरांनी नियमाप्रमाणे शून्य लिहिलं. पाच मिनिटांनी पुन्हा शून्य. खिडकीबाहेर समोरच्या न्हाव्याची खुर्ची रस्त्याने एकटीच निघाली होती, पण खिडकी हे मान्यताप्राप्त उपकरण नाही.

या चाळीस मिनिटांच्या संपूर्ण शांततेत पंचक्रोशीत झालेलं नुकसान असं: छपरं, दोनशे बारा. पाण्याची टाकी, एक (भरलेली, रिकामी असती तर एक वेळ समजलं असतं). बसथांब्याची शेड, एक. ती उचलली गेली आणि शेजारच्या गावाच्या माळावर उभीच्या उभी जाऊन बसली. (त्या गावाने आता बसची मागणी केली आहे.) शिवाय एक बकरी शाळेच्या गच्चीवर सापडली. तिचं नुकसान काहीच नाही, फक्त ती खाली यायला तयार नाही.

दोनशे बारांतलं एक छप्पर मास्तरांच्या थोरल्या बहिणीचं होतं. आक्का शिवणकाम करायची. घरात ती, तिची विधवा सून, एक शिलाई मशीन आणि शाळेने शिवायला दिलेले एकशे चाळीस गणवेश. शनिवारपासून मुसळधार पाऊस, असा अंदाज खुद्द मास्तरांच्याच कचेरीने दिला होता. त्याआधी पत्रे आले तर ठीक, नाहीतर मशीन गंजणार, कापड कुजणार आणि दोघी रस्त्यावर. पण वहीत एकसष्ट होतं, आणि एकसष्ट म्हणजे माहितीपत्रक.

बुधवारी सकाळी आक्का कचेरीत आली आणि तिने टेबलावर चार वाट्या आपटल्या.

"घे तुझ्या वाट्या! माझ्या पिठाच्या डब्यात सापडल्या. सुनेने एका वाटीने पीठ मोजायलासुद्धा घेतलं होतं."

मास्तरांचे साहेब आतून धावत आले. साहेब मोठे विचारी. फाइल दिसली की त्यांना विचार सुचत.

"बाई, तुमचं घर इथून तीन किलोमीटर. वाट्या छप्पर फोडून आत आल्या का?"

"छप्पर होतं कुठे? छप्पर असतं तर आत आल्या असत्या का?"

साहेबांनी हे वाक्य लिहून घेतलं आणि त्यावर सव्वा तास विचार केला. वाट्या एकसष्टला निघाल्या. त्या पोचल्या तेव्हा छप्पर आधीच गेलेलं होतं. म्हणजे छप्पर एकसष्टच्या आतच उडालं. म्हणजे ते मुळात कच्चं होतं. तेव्हा आक्काला जागच्या जागी दोन नोटिसा देण्यात आल्या. पहिली, कच्चं छप्पर बाळगून वाऱ्यास प्रोत्साहन दिल्याबद्दल. दुसरी, शास्त्रीय उपकरणाचा स्वयंपाकात वापर केल्याबद्दल.

आक्काने नोटिसांची घडी घातली आणि भावाकडे पाहिलं. "अरे, तोंड शिवलंय का तुझं? लहानपणी तुला कडेवर घेऊन गावभर फिरले, तेव्हा तुझं वजन करून नव्हतं घेतलं!"

"आक्का, मी दिसतं तेवढंच लिहितो गं."

"मग माझ्या घरी ये आणि स्वयंपाकघरात मान वर कर. काय दिसतं ते लिही."

मास्तर गेले. त्यांनी मान वर केली. आभाळ होतं, आणि ते भरून येत होतं. सून गणवेशांचे गठ्ठे खाटेखाली सरकवत होती आणि ते मावत नव्हते. मास्तरांना त्या दिवशी जेवण गेलं नाही.

गुरुवारी दहा वाजता वही मुख्यालयात जायची होती. पावणेदहाला मास्तरांनी पेन उचललं, देवाचं नाव घेतलं आणि एकाचा सहा केला. पदरचा पहिलाच आकडा, त्यामुळे सहा जरा वाकडाच आला. एकसष्टचे सहासष्ट झाले आणि मंगळवारी दुपारी झालेलं वादळ गुरुवारी सकाळी अधिकृतपणे सुरू झालं.

त्यानंतर कारभार असा काही हलला की बघत राहावं. शुक्रवारी दुपारी पत्र्यांचे ट्रक आले. संध्याकाळपर्यंत दोनशे अकरा छपरं पूर्ण. बाराव्या कलमाप्रमाणे एक वगळलं. बारावं कलम सांगतं की वेग नोंदवणाऱ्या कर्मचाऱ्याच्या नातेवाइकांना लाभ देऊ नये, कारण त्यामुळे आकड्यात फेरफार करण्याचा मोह होतो.

शनिवारी पहिल्या सरीबरोबर आक्का, सून, मशीन आणि एकशे चाळीस गणवेश मास्तरांच्या दोन खोल्यांत राहायला आले. मास्तर दारात मान खाली घालून उभे होते. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

"रडू नको," आक्का म्हणाली. "बावीस वर्षं खरं लिहिलंस, तेव्हा मला काही मिळालं नाही. आता खोटं लिहिलंस, तरी नाही. पुढच्या वेळी लिहूच नको, नुसती सुट्टी घे आणि पत्रे धरायला ये."

रविवारी पंचक्रोशीतले लोक मास्तरांना भेटायला आले. आभार मानतील असं मास्तरांना वाटलं. पण लोकांनी चौकशी केली होती. वेग सत्तर भरला तर पत्र्यांबरोबर दारं-खिडक्याही मिळतात. "लिहायचंच होतं तर चार आकड्यांसाठी हात कशाला आखडलात, मास्तर?" असं विचारून मंडळी नव्या छपरांखाली परत गेली.

काल मुख्यालयातून वही परत आली आहे. सहा वाकडा का, अशी विचारणा आहे, आणि साक्षीदाराची सही हवी आहे. साक्षीदार असा हवा, की ज्याचं छप्पर शाबूत आहे, मास्तर ज्याचे कोणी लागत नाहीत, आणि जो एकाचा सहा होताना हजर होता. पंचक्रोशीत असा कोणी सापडला नाही. तुम्ही मात्र होता. मास्तरांनी पेन उचललं तेव्हा "अहो, हे काय करताय?" असं तुम्ही म्हणाल्याचं कुणी ऐकलं नाही. उलट तुमचे ओठ "लिहा की लवकर" म्हणत होते, आणि सहा पुरा झाल्यावर तुम्हाला बरंही वाटलं. तेव्हा इथे खाली सही करा. नाव सुवाच्य अक्षरात लिहा.